तोताराम आबांची कुस्कऱ्याची मोहीम

श्रीगजाननास व कुलस्वामिनीस स्मरून लिहावयास घेतले ऐसे जे, शके अठराशे त्रेपन्न, प्रजापती नाम संवत्सरी, वैशाख शुद्ध पक्षी, खानदेश प्रांती, सातपुड्याचे पायथ्याशी, फैजपुराहून दोन कोसांवर जी एक थोर धामधूम जाहली, तिची हकिकत आजवर कोणी कागदावर घातली नाही. किल्ल्यांच्या नि तोफांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांस शेले पागोटी मिळतात. चुलीपुढील लढाई लिहिणारास नाकातोंडात धूर मिळतो. तथापि जे घडले ते घडले आणि ते दडपून ठेवणे इमानास धरून नव्हे, म्हणून हा उद्योग. गावाचे नाव मात्र जाणून लिहिले नाही, कारण त्या गावचे बाकीचे मर्द अद्याप हयात आहेत आणि त्यांपैकी एकासही चूल पेटविता येत नाही.

त्या गावी राजश्री तोताराम आबा म्हणून एक मातबर गृहस्थ असत. वय पन्नास, मिशी भरघोस, केळीचे एका बागेचे धनी आणि दोन बैलांचे सरदार. कपाशी कोणती, पाणी केव्हा, केळीचा घड कोणते दिवशी उतरवावा, या कामी त्यांचा शब्द चार गावांत चाले. मुलगा एक, तो धुळ्यास वकिलाकडे कारकुनीस होता, सबब घरात आबा आणि त्यांचा कुटुंबकबिला म्हणजे एकट्या सुंदरबाई. आबांची एक ख्याती अशी की ताटात ताजी गरम भाकरी पडल्याखेरीज त्यांचा हात ताटास लागत नसे. पारावर बसले म्हणजे ते मोठ्या तोऱ्याने सांगत की, आमचे घरी शिळे म्हणून काही उरतच नाही, असा आमचा बंदोबस्त आहे. ऐकणारे माना डोलवीत. बंदोबस्त कोणाचा, हे पुसण्याचे कोणास सुचले नाही.

आता युद्धाचे कारण ऐसे जाहले. खानदेशात आखाजीचा सण म्हणजे सासुरवाशिणींचा सण. वैशाख शुद्ध तृतीयेच्या अगोदर भाऊ मुराळी होऊन दमणी जुंपून येतो, बहिणीस माहेरी नेतो, आणि तेथे मग झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चार दिवस बायांस कोणी उठ म्हणत नाही की बस म्हणत नाही. सुंदरबाईंचे माहेर रावेराअलीकडे. त्यांचे बंधू गिरधर दरसाल मुराळी होऊन येत, आणि सासूबाई वारल्यापासून अकरा वर्षे आबा त्यांस दरसाल रिकामी दमणी घेऊन माघारे लावीत. सबब एकच, की घरी भाकरी कोण थापील? गिरधर मूग गिळून माघारे जात आणि बाई दाराआड उभ्या राहून दमणीची चाके दिसेनाशी होईतो पाहत.

यंदा गिरधर आले ते निकराने आले. म्हातारीस दिसेनासे झाले आहे, एकदा लेकीचे तोंड चाचपून पाहीन म्हणते, ऐसे त्यांणी ओट्यावर चार माणसांत सांगितले. आबांनी नेहमीची सबब पुढे केली. तेव्हा गिरधरांनी विचारले की, पाच दिवस स्वतःपुरते करून खाववत नाही काय? आता चार माणसांत मेहुण्याने ऐसे विचारणे म्हणजे भर दरबारी पागोट्यास हात घालणे होय. आबांची मिशी थरथरली आणि ते गर्जून बोलले,

“त्यात काय हाये? बायकायचं काम ते. झोपीत करीन!”

दाराआडून सुंदरबाईंचा आवाज आला. संसाराच्या बावीस वर्षांत चार माणसांत त्या प्रथमच बोलल्या.

“झोपीत नका करू. जागेपनी करा.”

मग तेथल्या तेथे, बाईंनी दाराआडून घातलेल्या अटींवर, तह ठरला तो येणेप्रमाणे. बाईंनी पाच दिवस माहेरी राहावे. पाचवे दिवशी सकाळी दिवस कासराभर वर येतो तो त्यांची दमणी दारी येईल, त्या समयी चूल पेटलेली असावी आणि तिजवर आबांचे स्वहस्ते न्याहारी सिद्ध असावी. कोणा बाईमाणसाची कुमक घेतलेली नसावी. न्याहारी सिद्ध असल्यास बाईंनी यापुढे दरसाल आखाजीस माहेरी जावे, आबांनी त्यास हरकत करू नये. नसल्यास बाईंनी माहेराचे नाव पुन्हा काढू नये. तहास जामीन म्हणून शेजारच्या बेबाबाई राहिल्या. या सत्तर वर्षांच्या, दात तीन, परंतु नजर घारीची, आणि दोन्ही घरांमधील कुडावरून त्यांस सर्व दिसे.

बाईंनी निघण्यापूर्वी ज्वारीच्या भाकरींची चवड थापून दुरडीत ठेविली, लोणच्याची बरणी काढून दिली आणि दमणीत बसल्या. आबांनी मोठ्या दिमाखाने निरोप दिला. पहिले दोन दिवस त्यांणी भाकरी दुधात कालवून खाल्ली आणि राज्य सुरळीत चालले. तिसरे दिवशी खासा आखाजी, ती त्यांणी जिवलग मित्र कौतिक यांचे घरी आमरस पुरणपोळीवर साजरी केली. पाचवे दिवसाची न्याहारी तेवढी तहात होती, बाकीच्या पंगतींस मनाई नव्हती. चौथे दिवशी संध्याकाळी मात्र आबांनी दुरडी उघडून शत्रूची मोजदाद केली, तो आत सात भाकऱ्या, वैशाखाच्या उन्हाळ्याने वाळून ऐशा कडक जाहलेल्या की एकीवर दुसरी ठेविली असता खाडकन वाजे.

नवी भाकरी थापावी हा पहिला बेत. आबांनी काठवटीत पीठ घेतले, पाणी घातले, ते अधिक जाहले म्हणून पीठ घातले, ते अधिक जाहले म्हणून पाणी घातले, आणि मग जे काही थापले ते तव्यावर नेता नेता चार ठिकाणी फाटून चुलीत पडले आणि विस्तव विझला. एका मोर्चावर चूल आणि भाकरी दोन्ही गेल्या. मग खाशांनी थंड चित्ताने मसलत केली. शेतकरी माणूस, कडक वस्तू नरम कशी करावी हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. बैलांस सरकी घालावयाची तर ती आदले संध्याकाळी घमेल्यात भिजवितात आणि सकाळी ती फुगून मऊ होते. तोच न्याय भाकरीस का नसावा? ऐसे मनात आणून त्यांणी सरकीचेच घमेले धुऊन घेतले, त्यात चार भाकऱ्या बुडविल्या, वर दगड ठेविला आणि निश्चिंत निजले. तीन भाकऱ्या दुरडीतच राहिल्या, हे दैव समजावे.

पाचवे दिवशी झुंजुमुंजू होताच आबांनी दगड काढून पाहिले, तो घमेल्यात भाकरी म्हणून काही उरले नव्हते. करडा आंबूस लगदा, त्यावर बुडबुडे. बोट घातले ते मनगटापर्यंत गेले. आबांचे अवसान गळाले. लगदा टाकवेना, म्हणून त्यांणी घमेले उचलून गोठ्यात नेले, आणि पाखऱ्या नावाच्या बैलाने ते चाटून पुसून साफ केले आणि मान वर करून आणखी आहे काय ऐसे पाहिले. आबांचे हातचे खाऊन संतुष्ट जाहलेला हा पहिला जीव. त्याची नोंद न करणे अन्यायाचे होईल.

इतक्यात कौतिक आले. ओट्यावर बसून त्यांणी विडी पेटविली, मित्राची दशा पाहिली आणि एक मसलत दिली, जी पूर्वी कोणाच्याही ध्यानी आली नव्हती.

“तोताराम, तू येडा का शहाना? हारला तं बायको जन्मभर घरी. जितला तं दरसाल पाच दिवस असीच बोंब. मंग जितायचं काहाले?”

आबांचे हातून घमेले खाली पडले. तहनामा त्यांणी चार माणसांत मान्य केला होता, परंतु इभ्रतीच्या धुरात त्यांस एवढेच दिसले होते की जिंकावयाचे आहे. जिंकून मिळते काय आणि हरून जाते काय, याचा विचार त्यांणी केलाच नव्हता. सुंदरबाईंनी मात्र केला होता. ही बाई दाराआडून तह करिते तो ऐसा करिते, हे समजून आबांस राग आला आणि थोडे कौतुकही वाटले, आणि मग त्यांणी ठरविले की हरावे. चूल पेटवू नये. ओट्यावर बसावे, दमणी आली म्हणजे हात वर करावे, चार दिवस मेहुणा हसेल, मग जन्मभराची ताजी भाकरी. कौतिक आपली मसलत लागू पडली म्हणून खुशीने घरी गेले आणि आबा पाय पसरून भिंतीस टेकून बसले. हरण्यास फारसे काही करावे लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

दिवस उगवला. बेबाबाई जामीन म्हणून आपले काम बजावण्यास कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांणी पाहिले की धुराडे थंड आहे.

“काय रे तोताराम, चूल नही पेटली अजून?”

“पेटवून करू काय, काकू? दुरडीत तीन शिया भाकरी हायेत. शियं अन्न आमच्या घरात कधी ऱ्हायलंच नही. त्याचं काय करतात ते मले काय माहीत?”

बेबाबाई ऐशा हसल्या की कुडावरची चिमणी उडाली.

“ऱ्हायलं नही? रोज ऱ्हायते, बापा! तू वावरात गेला का ती चुलीपुढे बसते अन् शियी भाकर खाते. कांद्यासंगं, तिखट लावून. तेल असलं तं कुस्करून परतते, नही तं कोरडीच. ताजी तुले, शियी तिले. तुझी माय होती तवा तीबी तसीच खाये.”

इतके बोलून बेबाबाई शेण गोळा करावयास निघून गेल्या.

येथे बखर क्षणभर थांबते, कारण आबाही थांबले. तलवारीचा वार लागला असता तर त्यांणी सोसला असता आणि पारावर दाखविलाही असता. हा वार दाखविण्यासारखा नव्हता. बावीस वर्षांचा त्यांचा बंदोबस्त त्या बाईच्या पोटात जात होता. पारावर आपण जे मिरविले ते आठवून त्यांस भारी लाज वाटली, आणि माय आठवून तर डोळे भरून आले, कारण मायचे पुढ्यात कधी ताट पाहिल्याचे काही केल्या स्मरेना. मायस तर आता काही देता येत नव्हते. मग आबा उठले. ही मोहीम कौतिकांचे मसलतीने सोडली होती ती त्यांणी पुन्हा अंगावर घेतली, आणि या खेपेस इभ्रत वगैरे काही मनात नव्हते. दर आखाजीस सुंदरबाई माहेरी गेली पाहिजे, एवढेच होते.

दिवस वर येत चालला होता. आबांनी चुलीत पऱ्हाटीच्या काटक्या रचल्या, वर गोवरी ठेविली, काडी ओढली, आणि फुंकणी उलटी धरून ऐसा दम मारिला की राख सगळी त्यांचेच मिशीत गेली. फुंकणी सुलटी केली, तो धूर निघाला, धुरामागून जाळ निघाला, आणि अकरा वर्षे ज्या सबबीवर गिरधर माघारे जात होते ती सबब तेथे जळू लागली. मग कांदा. विळीवर बसण्याचा सराव नाही, म्हणून आबांनी खुंटीवरचा गवत कापण्याचा विळा काढिला आणि कांद्याची खांडोळी केली. कांद्याने मरता मरता त्यांचे डोळ्यांतून पाणी काढिले. त्यातले कांद्याचे किती आणि मायचे किती याचा निवाडा आबांनीही केला नाही.

मग भाकऱ्या. घमेल्याची शिकस्त ताजी होती, म्हणून आता पाण्यात बुडविणे नाही. ज्वारीचे कणीस हुरड्यास आले की नाही हे पाहावयास जसे तळव्यावर चोळतात, तशा त्या तिन्ही भाकऱ्या आबांनी मोडून तळव्यांनी चुरल्या, आणि बोटांनी पाण्याचा हबका मारिला, फक्त हबका. चुरा वाफसा आलेल्या जमिनीसारखा मोकळा झाला. आबांस एकदम उमज पडली की हे काम आपणांस येते आहे.

कढईत तेल ओतले ते आबांचे स्वभावास धरून सढळ ओतले. मोहरी टाकली, तो मोहरी नुसती पडून राहिली. आबांनी वाकून पाहिले आणि त्याच क्षणी तेल तापून मोहरीचा तोफखाना सुटला. दोन दाणे कपाळी लागले, एक मिशीत अडकला, खासा स्वारी दोन पावले मागे सरली, परंतु सराटा, म्हणजे उलथणे, हातचे सोडिले नाही. पुन्हा चाल करून कांदा घातला, लसूण ठेचून घातली, शेंगदाणे घातले, तिखट आणि हळद घालून तो भाकरीचा चुरा, म्हणजे कुस्करा, सगळा एकदम आत लोटला, आणि मग वरचा खाली, खालचा वर, ऐसा रेटा दिला की कढई चुलीवर नाचू लागली. वास उठला तो अंगणात गेला आणि अंगणातून कुडापलीकडे गेला. तेथे बेबाबाईंनी शेणाचा हात तसाच ठेवून नाक वर केले.

तोच दमणीच्या घुंगरांचा आवाज आला.

दिवस बरोबर कासराभर वर आला होता. गिरधर खाली उतरले, ते हसण्याची तयारी करूनच उतरले होते. सुंदरबाई मागून आल्या. पाच दिवसांत त्यांचे तोंडावर तेज आले होते, पण गाठोडेही न उतरविता त्या थेट दाराशी गेल्या, कारण जे घरात दिसणार त्यावर म्हातारीचे पुढले वर्षीचे भेटणे लटकलेले होते. त्यांणी आत पाहिले. चूल पेटलेली. कढई वर. आणि राखेने पांढरे जाहलेले, कपाळी भाजलेले आबा हातात सराटा घेऊन उभे.

गिरधरांनी, यात बहिणीचेच नुकसान आहे हे विसरून, तात्काळ हरकत घेतली की, हे यांस कोणी शिकविले? तहात बाईमाणसाची कुमक मना आहे. जामीन बेबाबाई शेणाचे हातांनी पुढे जाहल्या आणि त्यांणी निवाडा दिला.

“म्या मदत नही केली. म्या तं चुगली केली.”

बातमी देणे आणि कुमक देणे यांत फरक आहे हे मोठमोठ्या दरबारांत मान्य आहे, तेव्हा गिरधरांस हरकत मागे घेणे प्राप्त जाहले. आबांनी दोन ताटे मांडली, दोन पाट मांडले, आणि फर्मावले की सुंदरबाईंनी पाटावर बसावे. बाई गोंधळल्या. त्या पाटावर बसून जेवल्या नव्हत्या ऐसे नाही, लग्नात एकदा जेवल्या होत्या. गिरधर आधी बसले म्हणून त्याही बसल्या. आबांनी वाढले, आणि शिळी भाकरी त्या बाईंचे पुढ्यात प्रथमच दुसऱ्याचे हातची आणि ताटात आली.

गिरधरांनी एक घास घेतला आणि तोंड उघडले. बाईंनी त्यांजकडे ऐसे पाहिले की ते उघडलेले तोंड घासासाठीच उघडावे लागले. मग बाई हळूच बोलल्या,

“मीठ नही याच्यात.”

आबा मटकन खाली बसले. सगळे घातले होते, मीठ राहिले होते. तहात न्याहारी सिद्ध असावी एवढेच होते, मिठाचे कलम नव्हते, तरी त्यांस वाटले की गेले, हातचे गेले. ते मिठाचे गाडगे आणावयास उठू लागले, तो बाईंनी खुणेने बसविले, आणि मान खाली घालून त्या खाऊ लागल्या. मीठ मागितले नाही. ताट पुसून घेईपर्यंत खाल्ले, आणि आबा नुसते पाहत राहिले. शेवटी त्यांणी विचारले,

“रोज शियी खाते, मले सांगतलं काहाले नही?”

बाईंस हा प्रश्नच कळेना.

“त्यात काय सांगाचं? भाकर फेकाची का?”

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध पंचमीस, दिवस कासराभर वर असता, कुस्कऱ्याची मोहीम फत्ते जाहली. आबांकडील नुकसान चार भाकऱ्या, थोडी मिशी आणि पारावरची एक बढाई. लढाई आबांनी जिंकली आणि मुलूख सुंदरबाईंस मिळाला, तो दर आखाजीचे पाच दिवस, वंशपरंपरा, बिनशर्त. कौतिक यांणी ही बातमी ऐकून कपाळास हात लाविला आणि आठ दिवस आबांशी बोलले नाहीत, कारण त्यांचे घरी हाच दाखला देऊन दुसरा तह मागण्यात आला होता.

आणखी एक गोष्ट लिहावयाची ती ही. दुसरे दिवशी सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे आबांपुढे गरम भाकरी ठेविली. आबा जागचे उठले, दुरडी उघडली, तळाशी कालची एक शिळी भाकरी होती ती काढिली, आपली गरम भाकरी बाईंचे हाती दिली आणि शिळी मोडून खावयास बसले. बाईंनी दोन वेळा नको म्हटले. तिसरे वेळेस त्यांणी मिठाचे गाडगे आबांपुढे सरकवले आणि शेजारी बसून गरम भाकरीचा घास मोडला.